आधी बूड बघा : म्युझियम शॉपच्या जुन्या पेपरवेटबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण म्युझियमच्या दुकानांतून विकल्या गेलेल्या काचेच्या जुन्या पेपरवेटवर दोन पानं छापली, त्यावर एवढी पत्रं आणि फोटो आले की ह्या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकलंय. एक गोष्ट आधीच सांगतो, बहुतेकांनी फोटो वरून काढलेत. आतली फुलं दिसतात, बुडबुडे दिसतात, मागे टीव्हीवर चाललेली मॅच पण दिसते, फक्त बूड दिसत नाही. पेपरवेट उलटं करून, बूड तिरप्या उजेडात धरून एक फोटो पाठवत जा बाप्पा, अर्धं उत्तर तिथंच असतं.

प्रश्न : माझे मामा १९८२ साली अमेरिकेहून आले तेव्हा त्यांनी आईसाठी काचेचं जड पेपरवेट आणलं होतं. बिनरंगाची काच आहे, साच्यातून काढल्यासारखी नक्षी आहे, आणि बुडाजवळ इंग्रजीत एम-एम-ए अशी तीन अक्षरं काचेतच उठलेली आहेत. घरात सगळे म्हणतात की हे म्युझियममधलं आहे म्हणजे दीडदोनशे वर्षं जुनं तरी असेल. खरंच का? — एक वाचक ताई, धरमपेठ

उत्तर : ताई, ते म्युझियमच्या दुकानातलं आहे, कपाटातलं नाही. एम-एम-ए म्हणजे न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्ट, थोडक्यात मेट. त्यांच्या संग्रहात जुनी काच भरपूर, त्यातल्या काही वस्तूंवरून नव्या प्रती काढून त्यांनी दुकानात विकल्या आणि प्रतीच्या काचेत ही अक्षरं मुद्दाम घातली, म्हणजे उद्या कोणी ती प्रत अस्सल जुनी वस्तू म्हणून कोणाच्या गळ्यात मारू नये. म्हणजे गंमत बघा, ज्या खुणेवरून घरचे दोनशे वर्षं म्हणून राहिले, ती खूणच ओरडून सांगते आहे की वस्तू विसाव्या शतकातली आहे.

आता हे कोणी बनवलं, हा पुढचा प्रश्न. म्युझियम स्वतः काच बनवत नाही, कारखान्याकडून करून घेतं. मेटच्या प्रतींमधलं बरंचसं काम ओहायो राज्यातल्या बेलेअर गावच्या इम्पीरियल ग्लास कंपनीने केलं, ती १९८४ मध्ये बंद पडली. मॅसॅच्युसेट्समधल्या सॅगामोरच्या पेअरपॉइंट कारखान्यानेही म्युझियमांसाठी प्रती काढल्यात. अशीच दुसरी अक्षरं पण दिसतात, एस-आय असेल तर स्मिथसोनियन, ओ-एस-व्ही असेल तर ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज, ही दोन्ही अमेरिकेतली म्युझियमंच. ही अक्षरं विकणाऱ्याची आहेत, बनवणाऱ्याची नाहीत, त्यामुळे नुसतं एम-एम-ए बघून कारखान्याचं नाव ठोकून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, त्यासाठी काच, साच्याची शिवण, खोका, आतला माहितीचा कागद असं सगळं एकत्र पाहावं लागतं.

अजून एक, कधीकधी गोलातल्या सी-च्या खुणेशेजारी साल असतं, ते डिझाइनच्या हक्काचं साल असतं. एकच साचा पुढे कितीतरी वर्षं चालू शकतो. त्यापेक्षा तुमच्या मामांचं १९८२ जास्त कामाचं, कारण वस्तू त्याच्यानंतरची असूच शकत नाही, तेवढं एका चिठ्ठीवर लिहून खोक्यात ठेवून द्या. खोका असेल तर तो टाकू नका म्हणजे झालं, दिवाळीच्या साफसफाईत सगळ्यात आधी खोकेच जातात आणि मग नुसतं पेपरवेट हातात घेऊन आपण बसतो.

प्रश्न : सीताबर्डीला एका जुन्या वस्तूवाल्याकडे फुलाफुलांचं पेपरवेट पाहिलं, आत बारीक रंगीत चकत्यांचे गोल गोल पट्टे आहेत आणि एका चकतीत १८४८ असं साल आहे. तो म्हणतो फ्रेंच आहे, बाकारा कंपनीचं, राजवाड्यातून आलेलं, १२ हजाराला देतो. घेऊ का सोडू? — लक्ष्मीनगरचे एक बँकवाले काका

उत्तर : काका, आधी "राजवाड्यातून" हा शब्द सोडा. आपल्याकडे जुनी वस्तू विकणाऱ्याला कोणता ना कोणता राजवाडा लागतोच, भोसल्यांचा नसला तर मग हैदराबादच्या निजामाचा.

सालाची गोष्ट मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. असे फुलाफुलांचे, म्हणजे मिलेफिओरी पेपरवेट युरोपात पुढे आले ते १८४५ च्या सुमारास, त्या वर्षी व्हेनिसच्या पिएत्रो बिगाल्याने व्हिएन्नाच्या प्रदर्शनात आपले नमुने मांडले होते. लगेच फ्रान्सच्या तीन कारखान्यांनी ती धाटणी उचलली, बाकारा, सें लुई आणि क्लिशी. १८४५ ते १८६० हा त्यांचा भरभराटीचा काळ, जाणकार लोक जीव टाकतात तो ह्याच मालावर. बाकाराच्या सालवाल्या मिलेफिओरीत १८४६ ते १८४९ ही सालं येतात आणि सालाबरोबर बहुतेक बी अक्षर असतं. सें लुईचं असलं तर एस-एल. क्लिशीवाले साल टाकत नसत, पण त्यांची एक गुलाबाची चकती फार प्रसिद्ध आहे, पाकळ्यांवर पाकळ्या मिटलेल्या, एकदा पाहिली की विसरत नाही.

आता तुमच्या फोटोत १८४८ आहे पण शेजारी अक्षर नाही, आकडे मोठे आहेत आणि चकत्या मध्यापासून बाहेरपर्यंत गोल रांगांत लावल्या आहेत. ही धाटणी फ्रेंच वाटत नाही, इंग्लिश वाटते. असे १८४८ वाले इंग्लिश पेपरवेट बरीच वर्षं लंडनच्या व्हाइटफ्रायर्स कारखान्याच्या नावावर, तेही खरोखर १८४८ चे म्हणून विकले गेले, नंतर अभ्यासकांनी खोदून पाहिलं तर ते विसाव्या शतकातले निघाले. म्हणजे साल काचेत आहे म्हणून ते खरंच, असं काही नसते. ज्याने चकती बनवली त्याला तिच्यात १८४८ घालायला काय हरकत होती? व्हाइटफ्रायर्सने खऱ्या आपल्या नावाने जे पेपरवेट नंतर बनवले त्यांत पांढऱ्या साधूची बारीक चकती असते, तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला आणि नाव स्कॉटलंडच्या केथनेस ग्लासने घेतलं, त्यामुळे साधू दिसला तरी कोणत्या काळचा साधू हे बघावं लागतं.

आणि एक तिसरी शक्यता पण आहे. १९३० च्या दशकात चीनमध्ये युरोपियन पेपरवेटच्या नकला बनल्या, त्या हातात हलक्या लागतात, काच जरा साबणासारखी बुळबुळीत लागते आणि आतली पांढरी काच पिवळट दिसते. आपल्या बाजारात त्यापेक्षा जास्त करून आजकालचा चिनी माल येतो, तो तर अजून सोपा ओळखायला, चकत्या वाकड्यातिकड्या आणि खालून बूड एकदम आरशासारखं, एक ओरखडा नाही.

तर दुकानात जाल तेव्हा हे करा. पेपरवेट उलटं करा आणि दहा पटीचं भिंग लावून बूड पाहा. जुन्या पेपरवेटचं बूड बहुतेक आतून किंचित खोलगट घासलेलं असतं, म्हणजे टेबलाला टेकते ती फक्त कडेची गोल पट्टी. शंभर-दीडशे वर्षं टेबलावर सरकून सरकून त्या पट्टीवर बारीक ओरखडे पडतात, सगळ्या दिशांनी, एकमेकांना कापत, आणि पट्टी मंद धुरकट होते. मधला खोलगट भाग टेबलाला टेकतच नाही तर तो स्वच्छ राहायला पाहिजे. नकली जुनं करणारे सँडपेपर मारतात, मग ओरखडे एकाच दिशेने समांतर दिसतात किंवा खोलगट भागातही दिसतात. तिथे ओरखडे कुठून येणार, सांगा बरं. हे एवढं पाहिलं तरी निम्मे लोक तुमच्याशी भाव करायचं बंद करतात.

मग वजनाची गोष्ट. फ्रेंच क्रिस्टलमध्ये शिसं असतं म्हणून ते साध्या काचेपेक्षा जड, आणि हे घरच्या डिजिटल काट्यावर काढता येते. पेपरवेट कोरडं तोला, समजा ५०० ग्रॅम आलं. आता काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा, पेपरवेट दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका, दोरा हातातच राहू द्या. काट्यावर जो आकडा येईल तेवढं पाणी त्याने बाजूला सारलं. ५०० ला त्या आकड्याने भागा. २०० आला तर उत्तर २.५, म्हणजे साधी सोडा-चुन्याची काच. १६५ च्या आसपास आला तर उत्तर ३ च्या वर जाते, म्हणजे शिसंवाली काच. आणि ४०० च्या वर गेला तर काका ती काचच नाही, प्लास्टिक नाहीतर रेझिन आहे, त्याला हातात धरलं तरी काचेसारखं गार लागत नाही. शिसं आहे म्हणजे जुनं आहे असं मात्र नाही, शिसंवाली काच नवीन पण असते, पण "फ्रेंच क्रिस्टल" म्हणून २.५ वाली काच कोणी देत असेल तर तुम्हाला बोलायला मुद्दा मिळतो. दुकानदार पाण्यात बुडवू देणार नाही म्हणता? जो बुडवू देत नाही त्याला १२ हजार कशाला द्यायचे.

माझं विचाराल तर १२ हजाराला सोडा. पण त्याच्याकडेच कोपऱ्यात म्युझियमचं स्टिकर असलेलं एखादं साधं पेपरवेट पडलं असेल तर ते आधी उलटं करून पाहा, त्याचं खरं-खोटं ओळखणं सोपं असते आणि किंमतही खिशाला परवडते. १९५० नंतर बाकारा आणि सें लुईने पेपरवेट पुन्हा सुरू केले, त्यांत त्यांनी स्वतःच जुन्या डिझाइन नव्याने काढल्या. बाकाराची ती प्राण्यांची मालिका आहे ना, एमिल ग्रिडेल नावाच्या नऊ वर्षांच्या पोराने कात्रीने कापलेले प्राणी पाहून १८४६ मध्ये बनवलेल्या चकत्या, त्या १९७० च्या दशकात परत आल्या. असल्या नव्या बाकाराच्या बुडावर आम्लाने कोरलेला गोल शिक्का असतो, तो सहज दिसत नाही, वाफ तोंडाने मारली की उठून दिसतो.

प्रश्न : मी नववीत आहे. काचेच्या आत फुलं जातात कशी? आमच्या शाळेत कोणालाच नीट सांगता येत नाही. — हिंगणा रोडची एक विद्यार्थिनी

उत्तर : बेटा, छान विचारलंस. फूल नंतर घालत नाहीत, काच आधी फुलावर ओततात. रंगीत काचेचे थर एकावर एक चढवून, मध्येमध्ये साच्यात दाबून एक जाड गरम लोळा बनवतात, त्याच्या आडव्या छेदात फुलाची किंवा चांदणीची नक्षी असते. मग दोन कारागीर दोन टोकं धरून एकमेकांपासून लांब चालत जातात आणि तो लोळा ओढला जाऊन पेन्सिलीएवढी बारीक लांब कांडी होते. आश्चर्य हे की कांडी कितीही बारीक झाली तरी आतली नक्षी मोडत नाही, फक्त लहान होत जाते. थंड झाल्यावर तिच्या चकत्या पाडतात, अळूवडीचा उंडा कापावा तशा, प्रत्येक चकतीत तेच फूल. त्या चकत्या लोखंडी साच्यात हवी तशी रचायच्या, गरम करायच्या, वरून वितळलेल्या काचेचा गोळा टेकवून त्या उचलायच्या, आणि मग त्यावर अजून बिनरंगाची काच घेऊन घुमट करायचा. घुमट भिंगासारखं काम करतो म्हणून आतलं फूल आहे त्यापेक्षा मोठं दिसतं, बाजूने पाहिलंस तर कळेल की सगळी नक्षी खाली बुडाजवळ पातळ थरात आहे. शेवटी भट्टीत हळूहळू थंड करतात, घाई केली तर आत ताण राहून काच नंतर आपोआप तडकते.

कांडी ओढायचं काम पाहायला इटलीतल्या मुरानोपर्यंत जायची गरज नाही, उत्तर प्रदेशात फिरोजाबादला काचेच्या भट्ट्या आहेत, बांगड्यांसाठी प्रसिद्ध. आपल्या महाराष्ट्रातही तळेगावला १९०८ मध्ये लोकांनी एकेक पैसा जमवून पैसा फंड काच कारखाना काढला होता. मोठी झालीस की इतिहास आणि केमिस्ट्री दोन्ही घेऊन ह्यावर काम कर, जागा रिकामी आहे.

प्रश्न : भाऊ, माझ्याजवळ एक अर्धगोल पेपरवेट आहे, खाली किल्ल्याचं चित्र चिकटवलेलं अन् मागे हिरवं कापड. कोणत्या तरी म्युझियममधून आजोबांनी आणलं म्हणते आई. चित्राच्या कडेने पत्ता छापला आहे. किती जुनं असन हे, कसं समजायचं? — उमरेड रोडचा एक वाचक

उत्तर : भाऊ, हे घुमटवाले पेपरवेट म्हणजे म्युझियम शॉपचं नेहमीचं गिऱ्हाईकी सामान. तयार घुमट आणायचा, खाली छापील चित्र चिकटवायचं, मागून बनातीचं कापड लावायचं, झालं. काच सगळ्यांची सारखी, म्हणून इथे वय काचेवरून नाही, कागदावरून काढायचं, आणि तुमच्याजवळ पत्ता आहे म्हणजे अर्धं काम झालं.

पत्त्यात सहा आकडी पिनकोड आहे का? पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो असेल तर वस्तू त्यानंतरची. बॉम्बे लिहिलं असेल तर बहुतेक १९९५ च्या आधीची, मद्रास असेल तर १९९६ च्या आधीची, कलकत्ता २००१ च्या आधीची, "बहुतेक" म्हणतो कारण जुने छापील कागद संपेपर्यंत वापरले जातात, आपल्याकडे तर फारच. परदेशी असेल तर अमेरिकेच्या पत्त्यात पाच आकडी झिप कोड १९६३ पासून, "वेस्ट जर्मनी" असेल तर १९४९ ते १९९०, "चेकोस्लोव्हाकिया" असेल तर १९९२ पर्यंत. खोक्यावर बारकोडच्या काळ्या रेघा असतील तर १९७४ च्या आधीची शक्यता सोडून द्या, दुकानात पहिली वस्तू बारकोडने स्कॅन झाली ती त्या साली.

आता भिंग घेऊन चित्र पाहा. रंगीत ठिपक्यांची बारीक एकसारखी जाळी दिसली, ठिपके गोल गोल गुच्छ करून बसलेत, तर ते ऑफसेटवर छापलंय. ठिपके कसेही उडाल्यासारखे विस्कटलेले असतील तर इंकजेट प्रिंटर, म्हणजे फार तर गेल्या तीसेक वर्षांतलं. ठिपकेच नसतील, रंग सलग एकातून एक विरघळत जात असतील तर खरा फोटो आहे, तो हळू हाताळा.

एक फार महत्त्वाचं, ह्याला पाण्यात बुडवू नका. वरच्या काकांना सांगितलेला वजनाचा प्रयोग तुमच्यासाठी नाही. पाणी कापडातून आत शिरते, चित्राचा रंग सुटतो आणि काच-कागदामध्ये चंदेरी डाग पडतात ते कधीच जात नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात कूलरच्या शेजारी ठेवलेल्या पेपरवेटला हेच होते. हिरवं कापड उखडून "मागे काय लिहिलं आहे" पाहायचा मोह पण आवरा.

प्रश्न : मी सिव्हिल लाइन्सच्या सरकारी ऑफिसातून रिटायर झालो. ऑफिस हलवताना भंगारात निघालेले काचेचे पेपरवेट साहेबांना विचारून घरी आणले, खोकाभर आहेत. आत रंगीत नागमोडी रेघा आणि बुडबुडे. हे पण अँटिक धरायचे का? आपलं म्युझियम, अजब बंगला, घेईल का? — एक वाचक, मानेवाडा

उत्तर : साहेब, नागपूर १९५६ पर्यंत राजधानी होतं, त्याच्या नंतरही हिवाळी अधिवेशन आहेच, त्यामुळे ह्या शहरात जेवढे पंखे तेवढे पेपरवेट. तुमचे जे फोटो आले ते फिरोजाबादकडच्या धाटणीचे, साध्या काचेचे, हाताने वळलेले दिसतात. विकायला गेलात तर फार काही येणार नाही. पण मी स्वतः असले जमवतो आणि मला ते लई आवडतात, कारण दोन सारखे नसतात, आणि कोणी त्यांच्या नकला करायच्या भानगडीत पडत नाही.

म्युझियमने घ्यावं असं त्यात सध्या काही नाही. अजब बंगला १८६३ चा आहे, त्यांच्याकडे शिलालेख, शस्त्रं, नाणी ह्यांनाच जागा पुरत नाही. हां, एखाद्यावर ऑफिसचं नाव, सी.पी. अँड बेरारचा (म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडचा) उल्लेख, किंवा साल कोरलेलं असेल तर तो बाजूला काढा आणि मला बुडाचा फोटो पाठवा. बाकीचे नातवंडांना द्या, फक्त टाइल्सवर खेळू देऊ नका.

आणि हो, अनेकांनी विचारलंय म्हणून इथेच सांगून टाकतो, चौकोनी काचेच्या ठोकळ्यात आत पांढऱ्या ठिपक्यांची इमारत किंवा मूर्ती दिसते ते लेझरने केलेलं काम असते, आजकालच्या बहुतेक म्युझियम आणि देवळांबाहेरच्या दुकानांत मिळते. दिसायला छान. जुनं नाही.

प्रश्न : गोल पेपरवेट खिडकीत ठेवलं की आतून सुंदर दिसतं. मिस्टर म्हणतात आग लागेल. उगाच घाबरवतात का? — एक वाचक, त्रिमूर्ती नगर

उत्तर : मिस्टरांचं ऐका. काचेचा भरीव गोळा सूर्याचं ऊन एका बिंदूत आणतो आणि तो बिंदू गोळ्याच्या अगदी जवळच पडतो, ८ सेंटीमीटर व्यासाचा गोळा असेल तर मागे साधारण २ सेंटीमीटरवर, म्हणजे नेमका जिथे कागद नाहीतर पडद्याची घडी असते तिथे. अशा आगी खरोखर लागल्या आहेत. लोकांना वाटते मे महिन्यात ४५ डिग्रीला धोका, तेव्हा तर ऊन डोक्यावर असते आणि खिडकीतून आत फारसं येत नाही. डिसेंबर-जानेवारीत सूर्य खाली असतो, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आडवं थेट टेबलापर्यंत येते, धोका तेव्हा जास्त. खिडकीपासून लांब, बंद कपाटात ठेवा आणि आत छोटा एलईडी लावा.

मे महिन्याचा त्रास वेगळा आहे, उन्हात किंवा गाडीत तापलेलं पेपरवेट थंड पाण्याखाली धरू नका, तडकेल. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ कापड, बस. आणि सिंकमध्ये जुना टॉवेल अंथरून, ओल्या काचेवरून हात सटकतोच.

प्रश्न : माझ्या पेपरवेटवर नोटा तपासायच्या मशीनचा लाइट पडला तर ते हिरवंगार चमकलं! रेडिओॲक्टिव्ह आहे का? जुनं आहे का? — इतवारीचे एक व्यापारी

उत्तर : शेठ, दुकानात मशीन आहे तर मजाच आहे तुमची. अल्ट्राव्हायोलेटमध्ये पोपटी हिरवं भक्क चमकलं म्हणजे काचेत थोडं युरेनियम आहे, रंगासाठी घालत असत. किरणोत्सार अगदी थोडा असतो, कपाटात ठेवून पाहायला भीती नाही, फक्त घासून-कापून पावडर करू नका. फिक्कट हिरवट चमक असेल तर ते मँगनीज असू शकते. पण चमकलं म्हणून जुनं असं नसते, युरेनियमची काच आजही बनते आणि म्युझियमच्या प्रतींत पण असू शकते. लाइट फक्त काचेत काय घातलं आहे ते सांगतो, कधी घातलं ते नाही. त्यासाठी परत बूडच पाहावं लागते.

प्रश्न : पेपरवेटच्या घुमटावर टवका उडाला आहे. चष्म्याच्या काचा घासणारे पॉलिश करून देतो म्हणतात. करू का? — एक वाचक, गोकुळपेठ

उत्तर : शक्यतो नको. टवका घालवायला सगळा घुमट घासावा लागतो, त्याने काच कमी होते, घुमटाची गोलाई बदलते आणि आतलं चित्र लांबट किंवा छोटं दिसायला लागते. बूड घासून घेतलं तर तुम्ही वयाचा पुरावा आणि शिक्का दोन्ही घासून टाकलेत. आतमध्ये अर्धचंद्रासारखी चंदेरी रेघ दिसत असेल तर तो टवका नाही, आतली चीर आहे, दोन पेपरवेट एकमेकांवर आपटले की पडते, आणि ती पॉलिशने जात नाही. म्हणूनच सांगतो, ड्रॉवरमध्ये दोन गोळे मोकळे ठेवू नका, प्रत्येकाला वेगळा जुना मोजा घाला.

प्रश्न : माझ्याकडचं एक पेपरवेट अमेरिकेतल्या भाचीला पाठवायचं आहे. कुरिअरवाला म्हणतो अँटिक असेल तर चालणार नाही. काय करू? — एक वाचक, रामदासपेठ

उत्तर : कुरिअरवाला बरोबर बोलून राहिला. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे, त्यात शंभर वर्षांच्या वरची कलाकुसरीची वस्तू पुरावशेष धरली जाते आणि ती कोणा खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू मुळात फ्रान्समध्ये बनली होती असं सांगून सुटका होईल असं समजू नका. तुमचं पेपरवेट मात्र फोटोवरून म्युझियम शॉपचं, स्टिकरवर पाच आकडी झिप कोड असलेलं आहे, म्हणजे १९६३ नंतरचं, त्याला हा कायदा लागत नाही. शंका राहू नये असं वाटलं तर पुरातत्त्व खात्याकडून ते पुरावशेष नसल्याचं सर्टिफिकेट घेता येते. पाठवताना एकात एक असे दोन खोके घ्या, आतल्या खोक्यात पेपरवेट हललं नाही पाहिजे, खोका कानाजवळ हलवून पाहा. आणि भाचीला कौतुक वाटावं म्हणून फॉर्मवर "अँटिक" लिहू नका, "काचेचं पेपरवेट, वापरलेलं" एवढंच लिहा, नाहीतर तो शब्द वाचून कस्टमवाले तुम्हालाच कागद मागत बसतील.